दाताच्या किड्याची दंतकथा

ऐकीव आणि निराधार गोष्टीस मराठीत 'दंतकथा' म्हणतात. खुद्द दाताविषयी ज्या दंतकथा मनुष्यजातीने रचिल्या, त्यांत सर्वांत जुनी व सर्वांत चिवट कथा किड्याची होय. दात दुखू लागला म्हणजे आपण सहज म्हणतो, 'दाताला कीड लागली' किंवा 'दात किडला'. घरचे लाकूड वाळवीने पोखरावे किंवा धान्यात टोके शिरावे, त्याप्रमाणे दातात एखादा सूक्ष्म प्राणी बसून तो आतून कुरतडीत आहे, हे चित्र या शब्दप्रयोगाच्या मुळाशी आहे. भाषा बोलणारांच्या मनातून ते चित्र पुसट झाले असले, तरी भाषेने ते जपून ठेविले आहे. या चित्राचा इतिहास पाहणे केवळ कौतुकाचे नाही. रोगाचे चिन्ह कोणते आणि त्याचा अर्थ काय, हे समजण्यात मनुष्य कसा चुकत गेला व कसा सुधारत गेला, हे त्या इतिहासावरून कळते. आणि ती चूक आजही आपल्या सुशिक्षित घरांतून पुरती गेलेली नाही.

किड्याची ही कथा बाबिलोनच्या मातीच्या विटांवर कीलाक्षरांत लिहिलेली सापडली आहे. तीत सृष्ट्युत्पत्तीचा क्रम सांगितला आहे. आकाशापासून पृथ्वी, पृथ्वीपासून नद्या, नद्यांपासून कालवे, कालव्यांपासून चिखल आणि चिखलापासून किडा, असा तो क्रम आहे. तो किडा रडत देवांपुढे जातो व आपणांस खावयास काय देणार असे विचारतो. देव त्यास पिकलेले अंजीर देऊ करतात. किड्यास ते रुचत नाही. त्यास दात आणि हिरडी यांच्या मधली जागा हवी असते. पुढे त्या किड्यास शाप आहे, आणि हा मंत्र म्हणताना कोणते औषध लावावे याची सूचना आहे. दातदुखीची कथा सृष्टीच्या आरंभाशी नेऊन भिडविणाऱ्या त्या मंत्रकारास ती वेदना स्वतःस ठाऊक असली पाहिजे, असे आम्हांस वाटते. ज्यास रात्रभर दाढेने जागविले आहे, त्यास या वेदनेचे मूळ सृष्ट्यारंभी असल्याचे सहज पटेल.

आपल्याकडेही हा किडा आहेच. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. त्यांपैकी १५ हिरड्यांचे म्हणजे दंतमूलाचे, आणि ८ प्रत्यक्ष दातांचे. या आठांत 'कृमिदंतक' हा एक आहे. नावात कृमी आहे खरा. परंतु सुश्रुताने दिलेली लक्षणे वाचली म्हणजे नावापेक्षा त्याची दृष्टी किती सूक्ष्म होती हे ध्यानी येते. दात काळा पडतो, त्यास छिद्र पडते, तो हलू लागतो, त्यातून स्राव होतो, सूज येते, आणि काही निमित्त नसता तीव्र कळ उठते, असे तो सांगतो. आज दंतवैद्याने एखाद्या दुर्लक्षिलेल्या दाढेचे वर्णन लिहावयाचे ठरविले, तर याहून फार निराळे लिहिता येणार नाही. थंड पदार्थ व स्पर्श सहन न होणे यास तो 'दंतहर्ष' म्हणतो. दातांवर वाळूसारखा कठीण थर बसणे ही 'दंतशर्करा'. हिरड्यांच्या रोगांत 'शीताद' नावाचा एक आहे. त्यात कारण नसता हिरड्यांतून रक्त येते, त्या मऊ, ओलसर व काळपट होतात आणि तोंडास दुर्गंधी येते. 'दंतवेष्ट' रोगात पू व रक्त येऊन दात हालतात. कारण सांगण्यात प्राचीन वैद्य चुकला असेल, परंतु चिन्ह पाहण्यात तो चुकला नाही. पाहणे आणि कारण सांगणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

आता प्रश्न असा की, जो किडा कोणासही दिसला नाही त्यावर हजारो वर्षे लोकांचा विश्वास का बसला? आमच्या मते त्यास तीन कारणे आहेत. पहिले असे की, पोखरलेल्या दातात खरोखरच भोक दिसते, आणि भोक पाडणारा कोणी असला पाहिजे हा मनाचा स्वाभाविक तर्क. दुसरे असे की, किडा 'काढून दाखविता' येत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी तोंडात घ्यावयास सांगितली आहे. बिया निखाऱ्यावर टाकल्या म्हणजे फुटतात, आणि त्यांतील पांढरा कोंब बाहेर पडतो. तो अगदी अळीसारखा दिसतो. रोगी तोंड धुऊन पाण्यात पाही तो तेथे 'किडे' तरंगत असत! १५९७ साली इंग्लंडातील जॉन जेरार्ड याने आपल्या वनस्पतिग्रंथात ही हातचलाखी उघडकीस आणिली आहे. महाराष्ट्रात हेच काम रिंगणीच्या बियांनी होत आले. चुलीवर तापविलेल्या बियांचा धूर नळीने तोंडात घेणे व नंतर किडे पडलेले पाहणे, हा प्रकार खेड्यापाड्यांतून आमच्या लहानपणापर्यंत चालू होता; गावोगाव फिरणारे दाताचे किडे काढणारेही पुष्कळांच्या स्मरणात असतील. रोम आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये दोन हजार वर्षे आणि समुद्र आहेत, वनस्पतीही निराळ्या, परंतु भ्रम मात्र एकच.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. धुरी घेतल्यावर पुष्कळांची कळ खरोखरच थांबत असे. धुरीने थोडी गुंगी येत असेल. परंतु मुख्य कारण निराळे आहे. दाताच्या आत मज्जा असते, तीत रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू असतात. रोग तेथवर पोहोचला म्हणजे भयंकर ठणका लागतो. आणि काही दिवसांनी ती मज्जा मरते. मेल्यावर दुखण्यास काही उरत नाही, म्हणून कळ आपोआप थांबते. लोक म्हणत, 'किडा मेला.' वस्तुतः मेला तो दाताचा जीव. रोग जिवंतच राहिला. तो मुळाच्या टोकातून हाडात उतरतो, महिन्यांनी किंवा वर्षांनी तेथे गळू होते, हिरडीवर पुवाची पुळी येते, कधी गाल सुजतो. वेदना थांबली की रोग बरा झाला, ही समजूत किड्याच्या कथेहून अधिक घातक आहे. आणि किड्यावर विश्वास न ठेवणारे पदवीधरही हिच्यावर मात्र विश्वास ठेवून बसलेले आढळतात.

मनुष्य दंतवैद्याकडे जाण्यास का टाळाटाळ करतो, हे पाहण्यासाठी राजवाड्यांतून डोकावणे बरे. कारण तेथे पैशाची अडचण असे म्हणता येत नाही. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिला १५७८ साली दाढेच्या दुखण्याने झोप येईना. दाढ काढणे अवश्य होते, पण राणी धजेना. तेव्हा लंडनचे वृद्ध बिशप एल्मर यांनी तिला धीर यावा म्हणून तिच्यासमोर आपला एक दात काढवून घेतला, आणि मग राणी तयार झाली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे १५९८ साली हेंट्झनर नावाच्या जर्मन प्रवाशाने तिला पाहिले तेव्हा तिचे दात काळे पडलेले होते. इंग्रज लोक साखर फार खातात त्याचा तो परिणाम, असे त्याने लिहून ठेविले आहे. साखर त्या काळी श्रीमंतांचे खाद्य होते. म्हणून दात किडण्याचा मानही प्रथम श्रीमंतांस मिळाला.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईची कथा याहून दारुण. १६८५ साली त्याच्या वरच्या जबड्यातील दाढा काढताना जबड्याचा काही भाग मोडून निघाला आणि तोंड व नाक यांच्यामध्ये छिद्र पडले. राजा पाणी प्याला म्हणजे ते नाकातून बाहेर येई. ते छिद्र बुजावे म्हणून तापलेल्या लोखंडाने त्यास अनेक वेळा डागण्या दिल्या. ज्याच्या दरबारापुढे सारे युरोप लवत होते, त्याची ही अवस्था! अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७८९ साली पदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती ही आणखी एक दंतकथाच. ती पाणघोड्याच्या दाताची आणि मनुष्यांच्या दातांची केलेली होती. उपचार हाच जेथे रोगाहून भयंकर, तेथे मनुष्याने तो शेवटच्या घटकेपर्यंत लांबविला तर त्यास भ्याड म्हणता येणार नाही. ही भीती त्या काळी शहाणपणाची होती. भीतीचे कारण गेल्यावरही भीती उरली, हे मात्र शहाणपणाचे नव्हे.

किड्याच्या कथेस पहिला धक्का एका विणेरी कापडाच्या व्यापाऱ्याने दिला. हॉलंडमधील लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगातून आपल्याच दातांवरील पांढरा मळ पाहिला, आणि त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव असल्याचे १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. पुढे धुरीने दातांतून काढले म्हणून सांगितलेले किडे त्याच्याकडे आले असता, ते चीजमध्ये होणाऱ्या अळ्यांच्या जातीचे आहेत असे त्याने ठरविले. नंतर १७२८ साली पॅरिसच्या पिअर फोशार याने दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोपर्यंत हा धंदा न्हावी व जत्रेतील दात उपटणारे यांच्या हाती असे. फोशारने त्यास शास्त्राची प्रतिष्ठा दिली. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपणांस किडे आढळले नाहीत, असे त्याने स्वच्छ लिहिले, आणि गोड खाण्याकडे बोट दाखविले. शेवटचा निर्णय १८९० साली लागला. बर्लिन येथे काम करणाऱ्या मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने असे प्रतिपादिले की, तोंडातील जंतू अन्नातील साखर व पिष्ट आंबवून आम्ल तयार करतात, ते आम्ल दातातील चुना विरघळविते, आणि मग जंतू उरलेला भाग कुजवितात. म्हणजे कुरतडणारा किडा नव्हताच. पण सजीव कारण मात्र होते. बाबिलोनच्या मंत्रकारास दात आणि हिरडी यांच्या मधली जी जागा दिसली, तीही बरोबरच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मिलरच्या सिद्धांताचा व्यावहारिक अर्थ असा की, दात किडणे ही घटना नसून क्रिया आहे, आणि तिच्या प्रत्येक पायरीस आपले चिन्ह आहे. प्रथम दाताच्या चकाकीत खडूसारखा पांढरा निस्तेज ठिपका दिसतो. दाताच्या बाहेरच्या कवचास संवेदना नाही, म्हणून तेथे काहीच दुखत नाही; आणि याच पायरीवर स्वच्छता, गोड खाण्यास आळा व फ्लोराइडयुक्त दंतमंजन यांनी क्रिया थांबविता येते, किंबहुना उलटविता येते. पुढे तो ठिपका तपकिरी किंवा काळा होतो, जीभ लागली की खाच जाणवते, दोन दातांमध्ये त्याच जागी अन्न अडकू लागते. त्यानंतर थंड व गोड लागले की क्षणभर सणक येते. मग सणक न थांबता ठणका होतो, आणि तो रात्री आडवे झाल्यावर वाढतो. सरतेशेवटी ठणका थांबतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर काम थोड्या वेळाचे व थोड्या खर्चाचे असते. शेवटच्या पायरीवर मुळापर्यंत स्वच्छता करावी लागते किंवा दात जातो. आपण बहुतेकजण चौथ्या पायरीवर जागे होतो आणि पाचवीवर पुन्हा निजतो.

हिरड्यांचा रोग याहून कपटी आहे; कारण त्यास ठणक्याची पायरी बहुधा नसतेच. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफोर्ड गावी होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून आपली दाढ काढवून घेतली, आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचा आरंभ झाला. ती दाढ काढणारा जॉन रिग्ज पुढे हिरड्यांच्या रोगाच्या अभ्यासाबद्दल इतका प्रसिद्ध झाला की, पायोरियास काही काळ 'रिग्जचा रोग' म्हणत. दात घासताना रक्त येणे, हिरड्या लाल व फुगीर होणे, तोंडास वास येणे, दात लांब दिसू लागणे, दातांत नव्या फटी पडणे, आणि मग दात हालणे, हा त्याचा क्रम. रक्त येते म्हणून लोक तेथे घासणेच सोडतात, आणि त्यामुळे रोग वाढतो. तंबाखू ओढणाऱ्यांत रक्त कमी दिसते, म्हणून ते अधिक फसतात. मधुमेह असणाऱ्यांत हा रोग बळावतो, आणि हिरड्यांचा रोग मधुमेह आटोक्यात ठेवणे अवघड करतो, हेही आता ठरले आहे.

येथे आपल्या घरांतील दोन समजुतींचा विचार करणे प्राप्त आहे. 'वरचा दात काढला की डोळा जातो,' ही पहिली. हिचे मूळ शोधू जाता ते सुश्रुतापर्यंत पोहोचते. वरचा घट्ट दात मुळासकट उपटल्यास अतिरक्तस्राव होऊन मनुष्य एकाक्ष होतो, त्याचे तोंड वाकडे होते, म्हणून हालत असला तरी वरचा दात वैद्याने काढू नये, असे तेथे बजाविले आहे. रक्तस्राव थांबविण्याची साधने नव्हती, निर्जंतुक हत्यारे नव्हती, अशा काळी अनुभवी वैद्याने घेतलेली ती खबरदारी होती. लुईची कहाणी वाचलेल्याने तीस हसू नये. परंतु दृष्टीचा तंतू वेगळा व दाताचा तंतू वेगळा, हे शारीरशास्त्राने दाखविले आहे. आज योग्य रीतीने वरची दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट कुजलेली दाढ तशीच ठेविली तर तिचा पू गालातून डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढू शकतो. दुसरी समजूत अशी की, 'दातांवरचा थर काढविला की दात सैल होतात.' हिच्या उलट सुश्रुतच साक्षीस आहे. त्याच्या वीस शस्त्रांत 'दंतशंकु' नावाचे एक शस्त्र आहे, आणि दंतमुळास इजा न करता शर्करा काढावी अशी त्याची आज्ञा आहे. थर निघाल्यावर दात हालतात असे वाटते, याचे कारण ते आधीच सैल झालेले असून केवळ थरानेच एकमेकांस धरून ठेविले होते. परंपरेचा अभिमान बाळगणारांनी ती वाचूनही पाहावी, एवढेच आमचे मागणे आहे.

महाराष्ट्राचे म्हणून एक दुखणे आहे, त्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. दात स्वच्छ व्हावे म्हणून तंबाखू भाजून केलेली मशेरी हिरड्यांस लावण्याची चाल आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांत, रूढ आहे. हिरड्या बधिर झाल्याने दुखणे थांबल्यासारखे वाटते. म्हणजे पुन्हा तीच 'किडा मेला'ची भूल. १९५२ साली श्वार्ट्झ याने पूर्व आफ्रिकेतील हिंदी स्त्रियांत तोंड आखडण्याच्या रोगाची नोंद केली. पुढे तो रोग सुपारीमुळे होतो असे सिद्ध झाले. तिखट लागले की तोंडाची आग होणे, गाल आतून पांढरट व ताठ होणे, आणि तोंड पूर्वीइतके न उघडणे, ही त्याची चिन्हे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु सुपारी व तंबाखू खिशातून गेली नाहीत. दोन आठवडे लोटूनही बरा न होणारा व्रण, तोंडातील लाल किंवा पांढरा न पुसला जाणारा चट्टा, कारण नसता आलेली गाठ किंवा बधिरपणा, ही कर्करोगाची चिन्हे असू शकतात. आणि हे सर्व आरंभी दुखत नाही. १९४१ साली मुंबईत उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या दारी येणाऱ्या तोंडाच्या रोग्यांपैकी पुष्कळजण उशिरा येतात, ही खेदाची गोष्ट होय. कारण लवकर सापडलेला व्रण थोडक्यात निभावतो. असे चिन्ह दिसताच दातास तीक्ष्ण कड असेल, पोटात उष्णता असेल, अशी कारणे शोधीत बसू नये, दाखवून घ्यावे.

आणखी एका प्रसंगी मात्र दिवसाचाही विलंब नको. दाढेच्या दुखण्यात ताप येऊन जबड्याखाली किंवा जिभेखाली कठीण सूज आली, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. १८३६ साली श्टुटगार्टच्या लुडविग याने वर्णिलेला हा प्रकार गळा दाबून माणूस मारतो. आणि त्याचे मूळ पुष्कळदा खालच्या जबड्यातील एका दुर्लक्षिलेल्या दाढेत असते.

हिंदुस्थानात दंतवैद्यकाचे पहिले विद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास काढिले. १९४८ साली दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांतून दंतवैद्य आहेत, आणि दंतमहाविद्यालयांच्या रुग्णालयांत थोड्या खर्चात उपचार मिळतात. एलिझाबेथ राणीस जे मिळाले नाही, ते बधिर करण्याचे औषध आज सामान्य कारकुनासही मिळते. राहता राहिली एकच उणीव, ती म्हणजे चिन्ह वाचण्याची. घरातील वडीलधाऱ्यांनी महिन्यातून एकदा उजेडात मुलांची तोंडे पाहावी, आपली आरशात पाहावी. कुणाच्या उशीवर रक्ताचा डाग आहे काय, आजी एकाच बाजूने का चावतात, मूल थंड पाणी का टाळते, हे विचारावे. वृद्ध माणसे दुखणे सांगत नाहीत. घरच्यांस खर्चात घालावयाचे नाही म्हणून भाकरी दुधात कुसकरून खातात आणि दात गेले ते वयाने गेले असे म्हणतात. दात वयाने जात नाहीत, रोगाने जातात. आणि तो रोग पुष्कळ आधीपासून चिन्हे दाखवीत असतो. ती पाहून वेळेवर वैद्याकडे नेणे एवढे काम घरातील सुशिक्षितांनी आपल्याकडे घ्यावे.